मावळ्याच्या पायाखालचं गवत



माझ्या वर्गातल्या कपाटावर बरणीचं एक झाकण ठेवलेलं आहे. झाकणावर मातीचा थर, त्यावर वाळू, दोन खडे आणि मध्ये मातीचा एक मावळा उभा. भोवती गवत आहे. वरून ते हिरवं दिसतं, पण झाकण तिरपं धरून कडेने पाहिलं की हिरव्याच्या खाली पिवळा थर दिसतो. तो पिवळा थर चौथीतल्या एका मुलाचा आहे. वरचा हिरवा माझा. त्याला न विचारता मी तो चढवला. आजचा लेख त्याबद्दलच आहे. अधूनमधून कृतीही सांगेन, कारण मला माहीत आहे, आपल्यापैकी बरेच जण कृतीसाठीच वाचायला येतात.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका पाड्यावरची आमची शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. वर्गाच्या खिडकीतून ब्रह्मगिरी दिसतो आणि हवा स्वच्छ असली की अंजनेरीची सोंडही. मी वाढले नाशिक शहरात. आमच्याकडे दिवाळीचा किल्ला म्हणजे विटा, पोती, चिखल, वर पेरलेले अळीव आणि बाजारातून आणलेले महाराज. डी.एड.ला असताना कार्यानुभवाच्या तासालाही आम्ही तसाच किल्ला केला होता. चौथीला परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवरायांचा इतिहास आहे, तेव्हा किल्ल्याचा उपक्रम ओघानेच येतो. पाड्यावरच्या मुलांच्या घरी मात्र दिवाळीत किल्ला करायची पद्धत नव्हती. त्यांची दिवाळी वाघबारशीला सुरू होते. शहरात आपण त्या दिवशी वसुबारस करतो. इथे गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, गुरांना राखण माग म्हणून. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिल्या वर्षी आम्ही मोठा किल्ला केला आणि तो छान फसला. मावळे उभेच राहीनात. बाजारातल्या मावळ्यांचे तळ लहान असतात. ओल्या मातीत ते रुततात आणि माती सुकून भेगाळली की आडवे होतात. रोज सकाळी शाळा उघडली की निम्मं सैन्य पालथं पडलेलं. मुलं म्हणायची, ‘मॅडम, रात्री लढाई झाली.’ वर मी अळिवासोबत गहूही पेरले होते. दहा दिवसांत गहू एवढे वाढले की महाराज दिसेनासे झाले.

तेव्हा दुसऱ्या वर्षी ठरवलं, आधी प्रत्येक मावळ्याला स्वतःची जमीन द्यायची. एक मावळा, एक झाकण. जगात हा छंद फार मोठा आहे, हे मला नंतर कळलं. टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारी मंडळी सैनिकाइतकाच वेळ त्याच्या पायाखालच्या चकतीवर घालवतात. युद्धाचा असा खेळ प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकवायला वापरत. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांचे नियम सांगणारं एक पुस्तकच लिहिलं. आज त्या चकत्यांसाठी तयार वाळू, तयार गवत, तयार शेवाळ विकत मिळतं. आपल्याला ते परवडणार नाही आणि गरजही नाही. आपल्याकडे लाकडाचा भुसा आहे.

कृती सांगते. बरणीचं किंवा डब्याचं झाकण घ्या, साधारण ५ ते ६ सेंटिमीटर रुंद. आतली बाजू दगडाने खरवडा, नाहीतर गुळगुळीत प्लास्टिकवर काही चिकटत नाही. फेव्हिकॉल आणि माती कालवून थर द्या आणि मावळ्याचा तळ त्यात दाबा. थर ओला असतानाच दोन-तीन खडे बसवा. खडा वर ठेवू नका, अर्धा आत पुरा. खरा दगड जमिनीवर ठेवल्यासारखा दिसत नाही, जमिनीतून निघाल्यासारखा दिसतो. हे मी मुलांना सांगितलं नव्हतं, मुलांनी मला सांगितलं. मग चाळलेली वाळू भुरभुरा. एक दिवस वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी रंग. आधी गडद तपकिरी पातळ करून सगळीकडे, अगदी खड्यांच्या फटींतही. तो सुकला की फिक्या मातकट रंगात ब्रश बुडवा, कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि वरून हलकेच फिरवा. रंग फक्त उंचवट्यांवर लागतो, खोलगट जागा गडद राहतात. वाळूचा कण न कण दिसायला लागतो. या क्षणी वर्गात जो ‘हाऽऽ’ असा आवाज येतो, तो ऐकण्यासारखा असतो. तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, सकाळी डोंगर असाच दिसतो ना? वर उजेड आन् खाली काळा.’ उजेड-सावलीवर मी वेगळा तास घेतला नाही. गरज उरली नाही.

मग गवत. सॉ मिलमधून भुसा आणायचा, चहाच्या गाळणीने चाळायचा. बारीक भुसा पोस्टर कलरच्या घट्ट पाण्यात कालवून वर्तमानपत्रावर दोन दिवस सुकवायचा. एकच रंग करू नका. दोन हिरवे, एक पिवळट, एक तपकिरी करा आणि शेवटी थोडे थोडे मिसळा. एकच हिरवा वापरला तर गवत गालिच्यासारखं दिसतं. उंच गवतासाठी तागाच्या पोत्याचा धागा किंवा काथ्या घ्या. अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे कापा, चिमटीत जुडी धरा, बुडखा फेव्हिकॉलमध्ये बुडवा आणि उभी लावा. बाकी जागी फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून ब्रशने ठिपके-ठिपके लावा आणि भुसा टाका. सगळी चकती झाकू नका. माणूस जिथे उभा राहतो तिथलं गवत तुडवलेलं असतं. शेवटी झाकण उलटं करून टिचकी मारा, जास्तीचा भुसा कागदावर पडेल, तो परत डब्यात.

मुलांना एक भीती वाटते. पातळ फेव्हिकॉल दुधासारखा पांढरा दिसतो आणि सगळं बिघडलं असं वाटून एखादं मूल रडायलाही लागतं. त्यांना थांबायला सांगा. त्यातलं पाणी उडून गेलं की तो पारदर्शक होतो. बाष्पीभवनाचं इतकं धीराचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

विकतच्या गवताची एक गंमत मुलांना सांगण्यासारखी आहे. ते नायलॉनचे बारीक तंतू असतात. ते नुसते टाकले तर भुशासारखे आडवे पडतात. म्हणून जास्त दाबाची वीज असलेल्या जाळीतून ते पाडतात. तंतूंवर विद्युतभार येतो आणि ते डिंकात सरळ उभे राहतात. दागिन्यांच्या डबीतलं मखमलीसारखं अस्तर असतं ना, तेही बऱ्याचदा याच पद्धतीने केलेलं असतं. आम्ही वर्गात प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासून कापलेल्या धाग्यांवर धरला. पावसाळ्यात काहीच झालं नाही. त्र्यंबकचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, हवेतच इतकं पाणी असतं की भार टिकत नाही. डिसेंबरात तोच कंगवा, तेच केस, आणि धागे टपाटप उभे. फसलेला प्रयोग वहीत लिहून ठेवायची सवय लागावी म्हणून मी दोन्ही वेळच्या तारखा फळ्यावर लिहिल्या होत्या.

आता गणिताकडे येते, कारण पालकसभेत पहिला प्रश्न तोच असतो: ‘मॅडम, यात अभ्यास काय?’

आमचा मावळा ७ सेंटिमीटरचा. खरा माणूस धरू १६८ सेंटिमीटर. म्हणजे आमचा मावळा खऱ्या माणसाच्या चोविसावा भाग. मग गुडघाभर गवत, साधारण ४८ सेंटिमीटर, आमच्या झाकणावर किती हवं? २ सेंटिमीटर. आणि पहिल्या वर्षी माझे गहू वाढले होते १५ सेंटिमीटर. त्याला २४ ने गुणा. ३६० सेंटिमीटर, जवळपास १२ फूट उंच गवत! मुलं हसून हसून लोळली. मग एकाने विचारलं, ‘आपला ब्रह्मगिरी मावळ्याच्या मापाने केला तर?’ ब्रह्मगिरी समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटर. भागिले २४ म्हणजे ५४ मीटर. नाशिकमध्ये पाहिलेल्या पंधरा-सोळा मजली इमारतीएवढा किल्ला लागला असता. तेव्हा त्यांना कळलं की अंगणातल्या किल्ल्यात दोन मापं एकाच वेळी नांदतात, डोंगराचं वेगळं आणि माणसाचं वेगळं, आणि आपण दोन्हीकडे काणाडोळा करतो. चौथीत गुणोत्तर नाही, मान्य आहे. पण आता मुलांना ते कळलं आहे, त्याला मी काय करू?

त्याच आठवड्यात आम्ही तीन ताटल्यांत पेरणी करून पाहिली. एकीत अळीव, दुसरीत गहू. तिसरीत काय पेरायचं यावर चर्चा झाली आणि मुलं म्हणाली नागली. मला सुचलंच नसतं. अळीव दुकानातून विकत आणावा लागतो, नागली प्रत्येकाच्या घरात आहे. अळिवाचा गुण असा की दाणा भिजला की त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होतं, त्यामुळे उभ्या उतारावरही तो घसरत नाही. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्यांवर अळीव पेरतात. तो उगवतोही दोन दिवसांत. पण त्याची पानं गवतासारखी नसतात, झुडपासारखी दिसतात. नागली उगवायला वेळ घेते आणि उतारावरून पाण्याबरोबर वाहूनही जाते. पण उगवली की अगदी बारीक, अरुंद पात्याची, हुबेहूब गवत. का नसेल? नागली गवताच्याच कुळातली. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, उताराला अळीव आन् माथ्याला नागली टाकू.’ तसंच केलं. किल्ल्याबाबतचा हा निर्णय तिचा होता आणि मी आजवर दिलेल्या सूचनांपेक्षा तो बरा होता.

आता त्या झाकणाकडे वळते.

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले होते. केंद्रातल्या एका प्रदर्शनात आमची झाकणं मांडायची होती. मुलांनी आपापली झाकणं खिडकीत वाळत ठेवली होती. बावीस झाकणं, बहुतेक सगळी हिरवी. एकच पिवळं होतं. नुसतं पिवळट नव्हे, वाळल्या गवताचा तो करडा-सोनेरी रंग. एका बाजूला तर काळा डागही होता. हा मुलगा गप्प असतो. वाचनात मागे, गैरहजेरी भरपूर. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? याला हिरवा भुसा मिळाला नाही. रांगेत शेवटी उभा राहिला असेल आणि डब्यात उरला असेल तो घेतला असेल. मला त्याची कीव आली. खरंच सांगते, कीवच आली. मधल्या सुट्टीत मुलं खिचडी खायला गेली आणि मी ते झाकण घेतलं, फेव्हिकॉल लावला आणि चांगला दोन प्रकारचा हिरवा भुसा टाकला. काळा डाग झाकला. मला वाटलं, मी त्याला मदत केली.

तो आला. झाकणाकडे पाहिलं. काही बोलला नाही. दिवसभर बोलला नाही. त्याच्या न बोलण्याची मला सवय होती, म्हणून मलाही काही वाटलं नाही.

संध्याकाळी शाळा सुटताना त्याच्या शेजारी बसणारा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, त्याचा डोंगर बरोबर होता.’

‘बरोबर म्हणजे?’

‘आता डोंगर हिरवा कुठंय? बघा ना.’

मी खिडकीतून पाहिलं. इतकी वर्षं त्या खिडकीशी उभी राहून हजेरी घेते आहे. दसरा होऊन गेलेला, पाऊस थांबून दिवस झाले होते. डोंगराचा उतार पिवळा पडला होता. पायथ्याशी गवत कापून पेंढ्या बांधायचं काम चालू होतं. हिरवं होतं ते फक्त ओढ्याच्या काठाने आणि झाडांच्या माथ्यावर. आणि माझ्या वर्गातले एकवीस मावळे श्रावणात उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावलं आणि वर्गासमोरच म्हणाले, ‘काल मी तुझं झाकण तुला न विचारता रंगवलं. चूक झाली माझी.’ तो पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत राहिला. मग मी विचारलं, ‘काळा डाग कसला होता?’

‘राब.’

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे भात-नागलीची रोपं ज्या वाफ्यात करतात, त्या जागेवर उन्हाळ्यात पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून, वर माती टाकून जाळतात. त्याला राब म्हणतात. तण मरतं, राख मिळते, मग पाऊस पडला की तिथे बी टाकतात. पण राब भाजतात उन्हाळ्यात आणि आता तर दिवाळी होती. मी शिक्षिका आहे ना, चूक काढायची सवय जात नाही. म्हटलं, ‘अरे, पण आता राब कुठून आला?’

तो म्हणाला, ‘तिथं नंतर गवत पातळच येतं. काळं दिसतं मातीचं.’

यावर मी काही बोलले नाही.

मी झाकणावरचा हिरवा भुसा खरवडायचा प्रयत्न केला. फेव्हिकॉल एकदा सुकला की सोडत नाही. खालचा पिवळाही निघायला लागला, तेव्हा थांबले. त्याला दुसरं झाकण दिलं. म्हटलं, पुन्हा कर. तो म्हणाला, ‘राहू द्या.’ प्रदर्शनात त्याचं झाकण गेलं नाही. मी ते पाठवू शकले असते, हिरवं छान दिसत होतं. पण मग ते माझं झालं असतं.

बाकीच्यांना घेऊन मात्र मी त्या दिवशी बाहेर पडले. वहीत डोंगर काढायचा, पण ‘डोंगर’ नाही, समोरचा डोंगर. अर्धा तास. आपण सगळे डोंगर त्रिकोणी काढतो, दोन डोंगरांमध्ये सूर्य. समोर पाहून काढायला लागल्यावर मुलांना दिसलं की ब्रह्मगिरीला पट्टे आहेत. काळ्या कातळाचा उभा पट्टा, मग गवताचा उतार, पुन्हा कातळ, पुन्हा गवत. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. कठीण थरांचे कडे झाले, ठिसूळ थर झिजून उतार झाले. उतारावर माती टिकते म्हणून तिथे गवत. हे मी सांगितलं. पण गवत नेमकं कुठे आहे, कुठे गुरं चढू शकतात आणि कुठे नाही, हे गुरं वळणाऱ्या तिघांनी बोटाने दाखवलं. मग आमचा मोठा किल्लाही बदलला. सरसकट अळीव न पेरता आम्ही मातीत सपाट दगड आडवे बसवून कडे केले आणि मधल्या पट्ट्यांतच बी टाकलं. तुम्ही सह्याद्रीतला कुठलाही किल्ला करणार असाल तर एवढं करून पाहा. किल्ला एकदम ओळखू येतो.

एका मुलीने पट्ट्यावर उभा दगड रोवला आणि त्यावर खडूने चंद्र, सूर्य आणि वाघ काढला. वाघदेव. सर म्हणाले, ‘किल्ल्यावर वाघदेव कसा चालेल?’ मी म्हटलं, सर, त्र्यंबकगडाखाली राहणाऱ्यांच्या डोंगरात वाघदेव असणारच. गडावर कोण कोण आलं आणि गेलं. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. खाली गुरं वळणारे मात्र तिथेच राहिले. सर हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच वाघदेवापुढे एक पणती ठेवली.

जाता जाता एक विनंती. गवत, शेवाळ गोळा करायला मुलांना डोंगरावर पाठवू नका. आमच्या अंजनेरीवर कंदीलपुष्पाची अशी जात आहे की तिला नावच अंजनेरीचं मिळालं. फुलं नसताना ते रोप साध्या गवतात ओळखूही येत नाही. आम्ही शेवाळ घेतलं ते शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवरचं, तेवढं पुरतं.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा तो मुलगा आला नाही. अपेक्षित होतं. आमच्या पाड्यांवरून दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. कुठे विरळणी, कुठे डिपिंग, पुढे काढणी. लहान भावंडांना सांभाळायला मोठं मूल बरोबर लागतं. मी सुट्टीआधीच त्याच्या वडिलांना शिक्षण हमी कार्ड दिलं होतं, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत त्याला बसवा. वडील म्हणाले, ‘बसवतो मॅडम.’ आम्हा दोघांनाही माहीत होतं की बाग शाळेपासून किती लांब आहे त्यावर ते ठरणार. डिसेंबरात फोन केला, लागला नाही. जानेवारीत लागला. तो तिथल्या शाळेत काही दिवस गेला होता, मग राहणं दुसऱ्या बागेवर झालं.

या मुलांना आपण ‘अनियमित’ म्हणतो. मीही म्हणते, हजेरीपत्रकात दुसरा शब्द नाही. पण बावीस मुलांमध्ये समोरचा डोंगर पाहून झाकण भरणारं मूल एकच होतं आणि तेच ‘मागे’ होतं, ही गोष्ट मला अजून खटकते. नियमित येणाऱ्या एकवीस जणांनी माझ्याकडून एक गोष्ट पक्की शिकली होती. ती म्हणजे गवत हिरवं असतं. ते मी शिकवलं होतं. फळ्यावरच्या चित्रातून, हिरव्या खडूतून, भरलेल्या डब्यातून. डब्यात तीन भाग हिरवा भुसा मीच केला होता आणि पिवळा चिमूटभर.

फेब्रुवारीत उरलेल्या मुलांना म्हटलं, पुन्हा झाकणं करू, या वेळी आजचा डोंगर. रंग मी करणार नाही, तुम्ही करा. हळद, चहाचा चोथा, वीटकर, कोळसा, काय हवं ते. कोळसा बराच संपला. वणव्याने उतार काळे पडले होते ना. एकाने काळ्यातून दोन हिरवी पाती काढली होती. मला वाटलं, उगाच सजवलं. तो म्हणाला, जळाल्यावर पाऊस नसला तरी तिथं कोंब येतो, गुरं त्यालाच जातात. मी दुसऱ्या दिवशी शाळेत येताना गाडी थांबवून पाहिलं. खरंच होता.

आता २०२५ मध्ये आपल्या बारा किल्ल्यांचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्यातला साल्हेर आपल्या नाशिक जिल्ह्यातला. शाळाशाळांत किल्ल्यांचे उपक्रम वाढणार, स्पर्धा होणार. चांगलंच आहे. बाजारात हिरवी प्लास्टिकची चटईही मिळते, कापली आणि अंथरली की झालं. परीक्षकांना ती आवडते, मी पाहिलंय. तुम्ही परीक्षक म्हणून गेलात तर एखाद्या पिवळ्या किल्ल्यापाशी थोडं थांबा आणि ज्याने केला त्याला विचारा.

शिमग्याला माणसं परत आली. होळीनंतर शाळेत हजेरी घेताना मी त्याचं नाव सवयीने घेतलं आणि ‘हजर’ असा आवाज आला. उंच झाला होता, हात रापलेले. मधल्या सुट्टीत तो टेबलापाशी आला आणि खिशातून वाळक्या काटक्यांसारखं काहीतरी काढून ठेवलं. द्राक्षं काढून झालेल्या घडांचे दांडे होते, वाळलेले. त्याने एक उलटा धरून टेबलावर उभा केला. बुंधा, त्याला फांद्या, फांद्यांना बारीक फांद्या. पानगळीतलं झाड.

‘सागाला आता पानं नसतात,’ तो म्हणाला. ‘झाकण आहे का मॅडम एखादं?’

मी कपाट उघडून अख्खा डबाच त्याच्यापुढे ठेवला.